दिसायला पाहिजे फक्त

आज दुपारी चारच्या सुमाराला वर्कशॉपवर एक पोरगं आलं. असेल एकोणीस-वीस वर्षांचं. बाहेर लाल मारुती झेन उभी, स्प्रिंगा कापून खाली बसवलेली, सायलेन्सरचा आवाज गल्लीच्या तोंडापासूनच कानावर आलेला. मला वाटलं ब्रेकचे ड्रम टर्निंगचं वगैरे काम असेल. तर म्हणाला, "काका, तुम्ही रेसची गाडी चालवता ना? मला रोल केज करून पाहिजे. फर्निचरचा पाईप चालतोय. रील काढायची आहे, दिसायला पाहिजे फक्त."

त्यावर मी जे बोललो ते कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या पुढच्या चार शटरांपर्यंत गेलं असणार. पोरानं उलट उत्तर दिलं नाही. ऐकून घेतलं आणि गेलं. आता रात्रीचे साडेदहा झालेत, घरात सगळे झोपलेत आणि माझ्या डोक्यात तेच वाक्य फिरतंय. दिसायला पाहिजे फक्त. म्हणून लिहितोय. लांब होणार आहे, वेळ असेल त्यांनीच वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रोल केज म्हणजे गाडीच्या आत बसवलेला पाईपांचा सांगाडा. गाडी उलटली की छत खाली येतं आणि छताखाली माणसाचं डोकं असतं. ते छत वर धरून ठेवायचं काम ह्या सांगाड्याचं. त्याला कुठलाही पाईप चालत नाही. सीमलेस पाईप लागतो, म्हणजे अंगावर शिवण नसलेला. ड्रायव्हरच्या मागची मुख्य कमान 45 मिलिमीटर व्यासाची आणि अडीच मिलिमीटर जाडीची, नाहीतर 50 व्यासाची आणि 2 जाडीची. वाकवायचा तोही थंडच, बेंडिंग मशीनवर. वाळू भरून, गॅसवर लाल करून वाकवला की जिथं ताकद पाहिजे नेमका तिथंच तो मऊ पडतो. आणि कमानीचे पाय! गाडीच्या फ्लोअरचा पत्रा मिलिमीटरभरसुद्धा जाड नसतो. त्याच्यावर पाय नुसता वेल्ड केला तर गाडी उलटल्यावर तो पत्रा फाडून खाली जातो. म्हणून पायाखाली 3 मिलिमीटरची प्लेट, निदान 120 चौरस सेंटिमीटरची. हे आकडे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतील. ते कसे पाठ झाले ती गोष्ट माझ्या जवळच्यांनी दहा वेळा ऐकली असेल, पण आज परत सांगतो.

2009 साल. मी मारुती एस्टीम नुकतीच घेतलेली, दोन मालक फिरून आलेली. सीटा काढल्या, कार्पेट काढलं, आणि ग्रिल-गेट करणाऱ्या एकाकडून केज करून घेतला. फर्निचरच्याच पाईपचा. पिवळा रंग मारला. सुमोच्या मागं रॉड बांधून चारशेच्या वर किलोमीटर ओढत नाशिककडच्या एका ऑटोक्रॉसला नेली, म्हणजे मातीत आखलेल्या वाटेवर फेरीची वेळ मोजतात त्या शर्यतीला. सोबत दोन मित्र, टूलबॉक्स आणि आईनं दिलेल्या दशम्या. रात्रभर झोप नाही. सकाळी स्क्रूटिनीच्या, म्हणजे शर्यतीआधी गाडी तपासतात त्या रांगेत उभा राहिलो तेव्हा छाती अशी फुगलेली की काय सांगू.

तपासायला साठीतले एक साहेब होते. हातात टॉर्च आणि काडीला लावलेला छोटा आरसा. त्यांनी बॅटरी हलवून बघितली, ब्रेक दाबून बघितला, मग वाकून कमानीच्या पायाशी टॉर्च मारला. बोटाच्या पेरानं पाईपवर टकटक केलं. "कुणी केलं हे?" मी वेल्डरचं नाव सांगितलं. म्हणाले, "गाडी बाजूला घे. आज नाही."

मी भांडलो. लई भांडलो. एंट्री फी भरली आहे, इतक्या लांबून आलोय, जिप्सीवाल्यांना सोडता आणि आम्हाला नाही. ते काही बोलले नाहीत, पुढच्या गाडीकडं गेले. आख्खा दिवस मी दोरीच्या अलीकडं उभा राहून दुसऱ्यांच्या गाड्यांची धूळ खाल्ली.

आता आजच्या पोराकडं येतो, कारण त्याचा प्रकार माझ्यापेक्षा वाईट आहे. मी निदान त्या पाईपाखाली हेल्मेट घालून बसणार होतो. हा रस्त्यावर चालवणार. डोक्यावर काही नाही, पट्टा कंपनीचा साधा, तोही लावला तर. साध्या गाडीत धडक बसली तर डोकं हलायला तेवढी जागा असते. केज घातला की कानापासून चार बोटांवर लोखंडी पाईप येतो. रेसमध्ये माणूस सीटला हार्नेसनं, म्हणजे खांद्यावरून आणि कमरेवरून येणाऱ्या रेसच्या पट्ट्यांनी, आवळून बांधलेला असतो, डोकं लागेल त्या पाईपावर पॅडिंग असतं, म्हणून तो केज वाचवतो. हे सगळं नसेल तर ताशी चाळीसच्या धडकेतही कवटी त्या पाईपावर आपटणार. चांगला केजसुद्धा रस्त्यावरच्या गाडीत धोक्याचा. आणि खोटा केज? त्यापेक्षा मोकळी गाडी शंभर पटीनं बरी.

आणि हे सांगणारं त्याला कोणी नाही! शिव्या घालायच्या तर त्या पोराच्या आधी आपल्याला घाला. एखादा वेल्डर नक्की करून देईल. तासाभराचं काम, पैसे रोख. खाली हजार जण आग-आग करून कमेंट टाकतील. त्यात आपल्यातलेही काही असतील, मला माहीत आहे. रस्त्यावर गाडी पळवणाऱ्याला रेसर म्हणू नका, एवढं तरी आपल्या ग्रुपमधल्यांना सांगायची वेळ येऊ नये. मोटार वाहन कायद्यात सार्वजनिक रस्त्यावरची शर्यत हा गुन्हा आहे, कलम 189. पण कायद्याचं सोडा. हायवेला रात्री पोरं मरतात, दुसऱ्या दिवशी बातमीत 'रेसिंगचा थरार' छापून येतं, आणि आमच्या घरच्यांना नातेवाईक फोन करून विचारतात की तुमचा अजून ते करतो का. मी पंधरा-सोळा वर्षं जे करतोय ते आणि हे एक नाही हो. एक नाही.

मी काय करतो ते सांगतो. ऑटोक्रॉसला माझी गाडी वर्षाकाठी सगळी मिळून अर्धा तास पळत असेल. एक फेरी दीड-दोन मिनिटांची. बाकीचं वर्ष मी तिच्याखाली असतो. एक इव्हेंट झाला की लाल माती कुठं कुठं शिरते ते बघायला या. एअर फिल्टरच्या बॉक्समध्ये, ब्रेक ड्रममध्ये, दाराच्या आत. ड्राइव्ह शाफ्टचं रबरी बूट फाटलं असेल तर ग्रीस बाहेर आणि माती आत, मग जॉइंट कटकट करायला लागतो. सस्पेन्शनचा प्रत्येक बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळून वर रंगाची रेघ ओढायची, म्हणजे पुढच्या वेळी हलला का ते नुसत्या डोळ्यांना कळतं. ब्रेक ऑइल प्रत्येक इव्हेंटआधी नवीन. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं डॉट 4 ऑइल 230 डिग्रीच्या आत उकळत नाही, पाणी मुरलं की 155 ला उकळू शकतं, आणि मग ऐन वळणात पेडल जमिनीपर्यंत जातं. हार्नेस चांगला दिसत असला तरी त्याची तारीख संपली की काढायचा.

ह्याची रील कुणी काढत नाही. पण रविवारी सकाळी शटर अर्ध्यावर, रेडिओ चालू, हातात दहा-बाराचा पाना आणि वर स्टँडवर आपली गाडी, यासारखं सुख मला दुसरं माहीत नाही. आपल्या गावानं तालमी बघितल्यात. तिथं नव्या पोराला आल्या दिवशी कुणी कुस्ती लावू देतं का? आधी हौद्यातली माती उकरायची, बैठका मारायच्या, वस्तादांचं ऐकायचं. आमच्या खेळात माती उकरणं म्हणजे हेच.

आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हा नाद कधीच पटला नाही. मी नाशिकहून परत आलो, तोंड पाडून दोन दिवस फिरत होतो, तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, त्या तुझ्या पाईपाचा फूटभर तुकडा आण. दुसरा तुकडा सीमलेसचा त्यांनी स्वतःच कुठूनतरी आणला होता. दोन्ही आडवे करून हायड्रॉलिक प्रेसखाली घातले. फर्निचरचा पाईप शिवणीवरून उसवला, भेंडी चिरल्यासारखा. सीमलेसवाला दबला, पण फुटला नाही. आण्णा हात पुसून जेवायला गेले. तो पिवळा केज मी त्याच संध्याकाळी ग्राइंडरनं कापून काढला.

ते दोन तुकडे अजून वर्कशॉपमध्ये खिळ्याला लटकलेत. आण्णा गेले, तुकडे आहेत. नवा केज नियमाप्रमाणे बांधून घेतला, आणि 2014 ला एका ऑटोक्रॉसला डावीकडच्या वळणात गाडी चरात अडकून उलटली. दीड पलटी. मी पट्ट्यात उलटा लटकत होतो आणि छत पाईपाला टेकून थांबलेलं होतं. मार्शल धावत आले, दार उघडलं, मी चालत बाहेर आलो. घरी आईला बंपर तुटला एवढंच सांगितलं.

खर्चाचं म्हणाल, तर मान्य. सीमलेस पाईप, बेंडिंग, धड सीट, हार्नेस, हेल्मेट हे कॉलेजच्या पोराच्या खिशाबाहेरचं आहे. चालवायला जागा कुठाय, हेही मान्य. कोल्हापुरात कार्टिंग आहे, पण आपली स्वतःची गाडी घेऊन जुन्या नावाजलेल्या ट्रॅकवर जायचं तर कोइमतूरचा कारी नाहीतर चेन्नईजवळचा ट्रॅक, जायलाच हजारेक किलोमीटर. तरी रस्त्यावर पळवा असं त्यातून निघत नाही.

आणि पैशाशिवाय काहीच होत नाही असंही नाही. त्या कारी ट्रॅकला ज्यांचं नाव दिलं आहे ते करिवर्धन, त्यांनी काय केलं? मारुती 800 चं 796 सीसीचं इंजिन घेतलं आणि त्याच्यावर एका सीटची रेसकार बांधली. फॉर्म्युला मारुती. नरेन कार्तिकेयन 2005 ला भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर झाला, त्याची सुरुवात त्या गाडीतून झालेली. भाजी आणायला नेतो त्या गाडीचं इंजिन! आपल्याकडची डायना पंडोल बघा, पुण्याची, दोन मुलांची आई. 2024 ला सलून गटात, म्हणजे साध्या बंद गाड्यांवरून बनवलेल्या रेसकारच्या गटात, राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. अशी माणसं डोळ्यासमोर असताना आमच्या पोरांना हिरो म्हणून कोण सापडतं, तर रात्री हायवेला टोलनाक्यापासून दुसऱ्या टोलनाक्यापर्यंतचा टायमिंग टाकणारा.

इथपर्यंत लिहून उठलो, पाणी प्यालो, परत बसलो.

एक गोष्ट मघाशी रागात लिहायची राहिली. किंवा मीच टाळली. मी त्याच्यावर ओरडत असताना त्या पोरानं खिळ्यावरचे ते दोन तुकडे बघितले. विचारलं, "हे काय आहे काका?" मी सांगितलं, तेही ओरडूनच. त्यानं फुटलेला तुकडा हातात घेऊन शिवणीवरून बोट फिरवलं, दोन्हींचा फोटो काढला. त्याच्या नखांत काळं होतं, ग्रीसचं, आठवडाभर जात नाही ते. जाताना म्हणाला, "हिची क्लच प्लेट मी स्वतः बदलली आहे. दोन दिवस लागले." आणि मी काय म्हणालो? "मग केजपण स्वतःच कर."

हे मी बोलायला नको होतं. फार वाईट बोललो.

कारण नाशिकची गोष्ट मी दरवेळी अर्धीच सांगतो. साहेबांनी गाडी बाजूला काढली, तिथं थांबतो. पण त्या दिवशी संध्याकाळी, बक्षिसं वाटून झाल्यावर, मंडप उतरत असताना ते माझ्या गाडीपाशी आले. मी तोंड फिरवून बसलो होतो. त्यांनी खिशातून खडू काढला, पांढऱ्या शर्टवर होते तसेच मातीत पाठ टेकून गाडीखाली गेले, आणि अर्धा तास एकेक जागा दाखवत खुणा करत राहिले. इथं प्लेट. इथं तिरका पाईप. हा जोड छतामुळं दिसत नाही म्हणून वेल्डरनं त्याची वरची बाजू सोडून दिलीय, केज खाली उतरवूनच वेल्ड करायचा. मी वहीत लिहून घेत होतो. आकडे पाठ झाले ते तिथं. निघताना फक्त एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी आणशील तेव्हा मला दाखव." त्यांचं नावही मी विचारलं नव्हतं.

आज माझ्याकडं एक पोरगं आलं आणि मी नाही म्हणण्याचं काम तेवढं केलं. खडू काढलाच नाही. ओरडायला फार काही लागत नाही, मलाही लागलं नाही.

तर आता काम. त्याचं नाव, नंबर मी घेतलेला नाही. लाल झेन, पुढचा डावा फेंडर राखाडी प्रायमरमध्ये, मागच्या काचेवरचा स्टिकर अर्धा सोललेला. राजारामपुरीकडून आला असावा असं वाटतं, खात्री नाही. कुणी ओळखत असेल तर त्याला सांगा, रविवारी सकाळी आठनंतर मी वर्कशॉपवर असतो. केज बांधायला नाही, ते नाहीच. आधी त्या कापलेल्या स्प्रिंगा काढून धड स्प्रिंगा घालू. मग माझी एस्टीम स्टँडवर आहे, पुढच्या इव्हेंटसाठी मागचे ब्रेक उघडायचे आहेत, त्याला हात लावू दे. क्लच प्लेट एकट्यानं उतरवली म्हणजे हात चालतोय पोराचा.

आणि ज्यांच्याकडं झेनच्या जुन्या कंपनी स्प्रिंगा पडून असतील, चारही, त्यांनी मला फोन करा. मी येऊन घेऊन जाईन.