काकूंनी देव सिद्ध केलेला नाही

हा फॉरवर्ड गेली काही वर्षं जगभर फिरतोय. इंग्रजीतून हिंदीत आला, हिंदीतून मराठीत, आणि दर मुक्कामाला त्यात दोन वाक्यांची भर पडली. मी तो दिसला की अंगठ्याने वर सरकवायचो. या खेपेला तो आत्याने पाठवला, वर शेरा मारून : ‘वाच जरा, तुमचं सायन्सच काय म्हणतंय आता.’ आत्या सांगलीला असते, सगळी नोकरी शाळेत गणित शिकवण्यात गेली. तिने पाठवल्यावर सरकवून चालत नाही.

ज्यांच्या ग्रुपवर अजून आला नसेल (अशी माणसं असतील तर भाग्यवान आहेत) त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात असा : जगातले सर्वात मोठे शास्त्रज्ञ, स्ट्रिंग सिद्धान्ताचे जनक, नोबेल विजेते डॉ. मिचियो काकू यांनी अमेरिकन रेडिओवर जाहीर कबुली दिली की देव आहे. ‘आदिम अर्ध-त्रिज्या टॅकिऑन’ नावाच्या कणांवर प्रयोग करून त्यांनी हे विश्व एका बुद्धिमान शक्तीने रचल्याचं सिद्ध केलं. त्यांची आजवरची सगळी भाकितं खरी ठरली आहेत. आपल्या ऋषींना हे हजारो वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. आणि तळाला एक मोबाइल नंबर, ‘टॅकिऑन ऊर्जा पेंडंट’साठी.

आधी माणसाबद्दल, कारण ते लवकर उरकतं. काकू हे आडनाव आहे, माणूस अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ. जन्म १९४७, कॅलिफोर्निया, जपानी वंशाचे आईवडील. नोबेल त्यांना मिळालेलं नाही. स्ट्रिंग सिद्धान्तासाठी (विश्वातले सगळे कण म्हणजे कंप पावणारे अतिसूक्ष्म धागे, असं मांडणारा सिद्धान्त) ते आजवर कुणालाच मिळालेलं नाही. या सिद्धान्ताची सुरुवात धरली जाते ती इटालियन भौतिकशास्त्रज्ञ व्हेनेझियानो यांच्या १९६८ च्या सूत्रापासून, आणि तेव्हा काकू नुकते हार्वर्डमधून पदवी घेऊन बाहेर पडत होते. त्यांचं स्वतःचं काम १९७४ चं, केइजी किक्कावा यांच्याबरोबर केलेलं, ‘स्ट्रिंग फील्ड थिअरी’वरचं. ते काम खणखणीत आहे आणि त्याला ‘जनक’ वगैरे ठिगळ लावायची गरज नाही. पुढे न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये त्यांनी अनेक दशकं शिकवलं. बस.

रेडिओचं मात्र खरं आहे, आणि ते मनाविरुद्ध कबूल करतो. काकूंचा आणि रेडिओचा संबंध जुना आहे. न्यूयॉर्कच्या ‘डब्ल्यूबीएआय’ या श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या केंद्रावर त्यांचा ‘एक्सप्लोरेशन्स’ कार्यक्रम असे. पुढे ‘सायन्स फँटॅस्टिक’ हा कार्यक्रम अमेरिकेतल्या अनेक केंद्रांवरून जाऊ लागला. शिवाय ते ‘कोस्ट टू कोस्ट एएम’चे नेहमीचे पाहुणे. हा कार्यक्रम काय आहे ते कळल्याशिवाय फॉरवर्डची नाडी सापडत नाही. आर्ट बेल नावाच्या निवेदकाने नेवाडाच्या वाळवंटातल्या पाह्रम्प गावातून तो गाजवला, नंतर जॉर्ज नूरी आले. वेळ मध्यरात्रीनंतरची. ऐकणारे कोण, तर ट्रक चालवणारे, रात्रपाळीवाले आणि झोप न येणारे. विषय उडत्या तबकड्या, भुतं, सरकारने लपवलेली गुपितं. अशा ठिकाणी एक पांढऱ्या केसांचा प्राध्यापक येतो, अकरा मिती, समांतर विश्वं, कृष्णविवरातला बोगदा (वर्महोल) हे सगळं शांत आवाजात, एकही समीकरण न काढता समजावतो आणि फोन करणाऱ्याची शंका कितीही येडपट असली तरी त्याला हिडीसफिडीस करत नाही. मला त्यांचं हे आवडतं. पण आज रात्री वर्महोल आणि उद्या रात्री त्याच खुर्चीत परग्रहवासीयांनी पळवून नेलेला माणूस, असं असल्यावर ऐकणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही एकाच कप्प्यात जाणार हे काकूंना कळत नसेल असं नाही.

आता, रेडिओवर ‘कबुली’ दिली म्हणे. कुठल्या कार्यक्रमात, कधी? फॉरवर्डमध्ये ना नाव ना तारीख. आणि समजा दिली, तरी भौतिकशास्त्रातला शोध मध्यरात्रीच्या गप्पांत जाहीर होत नसतो. त्याचं गणित छापावं लागतं, म्हणजे इतरांना ते फाडता येतं.

आता मुख्य पदार्थ. ‘आदिम अर्ध-त्रिज्या टॅकिऑन.’

आत्याला मी फोनवर एवढंच विचारलं, ‘अर्धी त्रिज्या म्हणजे व्यासाचा पाव भाग ना गं?’ ती हसली, पण म्हणाली, ‘असेल रे काहीतरी त्यांच्यातलं, आपल्याला कळत नाही.’ या फॉरवर्डचं सगळं इंजिन याच वाक्यावर चालतं. आयुष्यभर फळ्यावर त्रिज्या काढलेल्या बाईला त्रिज्येबद्दल शंका यायची बंद होते, कारण पुढे ‘टॅकिऑन’ लिहिलंय.

टॅकिऑन हा शब्द खरा आहे. प्रकाशापेक्षा वेगाने जाणारे कण असू शकतील का, हा प्रश्न सापेक्षता सिद्धान्ताच्या चौकटीत राहून १९६२ साली तिघांनी नीट मांडला : बिलानियुक, देशपांडे आणि केरळचे ई. सी. जी. सुदर्शन. हो, देशपांडे. फॉरवर्डवाल्यांना अभिमानच बाळगायचा होता तर इथे आयता होता, पण त्यासाठी वाचावं लागतं. टॅकिऑन हे नाव १९६७ मध्ये जेराल्ड फाइनबर्ग यांनी दिलं. कागदावर या कणाचे गुण विलक्षण आहेत. त्याचं वस्तुमान वर्गमूळात उणे एक असलेली काल्पनिक संख्या येतं. त्याला ऊर्जा दिली की त्याचा वेग वाढण्याऐवजी कमी होतो, पण प्रकाशाच्या वेगाखाली तो कधीच येत नाही. थांबणं त्याच्या नशिबी नाही. असा एकही कण आजवर कुठल्याही प्रयोगात सापडलेला नाही. स्ट्रिंग सिद्धान्ताच्या सर्वात जुन्या, २६ मितींच्या आवृत्तीत गणितातून टॅकिऑन डोकावतो खरा, पण तिथे त्याचा अर्थ ‘वेगवान कण मिळाला’ असा घेत नाहीत. सिद्धान्ताचा पाया डळमळीत आहे, दुरुस्त करा, असा तो इशारा समजतात. आणि ‘आदिम’ किंवा ‘अर्ध-त्रिज्या’ अशी टॅकिऑनची काही जात नसते. न्यूट्रॉनला जसं धाकटा-थोरला नसतं तसं.

प्रकाशापेक्षा वेगवान कण खरंच सापडल्यासारखा वाटला तेव्हा काय झालं होतं? सप्टेंबर २०११. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्रातून निघालेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण जमिनीखालून ७३० किलोमीटरवर इटलीतल्या ग्रान सास्सो प्रयोगशाळेत पोचत होते आणि ‘ऑपेरा’ प्रयोगाच्या मोजणीत ते प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याचं दिसलं. त्या गटाने काय केलं, तर सगळा हिशेब जगापुढे टाकला आणि विनवलं की आमची चूक शोधून द्या. काही महिन्यांत सापडली : एक फायबर ऑप्टिक केबल नीट बसलेली नव्हती. २०१२ मध्ये दावा मिटला आणि गटाच्या प्रवक्त्यांनी राजीनामा दिला. साठ नॅनोसेकंदांवर एवढं महाभारत झालं. इकडे प्रत्यक्ष परमेश्वर सापडला आणि त्याची बातमी फक्त आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर आली.

शिवाय ‘प्रयोग करून’. काकू सैद्धान्तिक भौतिकशास्त्रज्ञ आहेत. कागद, पेन, फळा. त्यांनी स्वतः बांधलेलं गाजलेलं यंत्र शाळेत असतानाचं आहे : आईवडिलांच्या गॅरेजमध्ये केलेला बीटाट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गरगर फिरवून वेगात आणणारं यंत्र. त्यासाठी शाळेच्या फुटबॉलच्या मैदानावर त्यांनी सुमारे ३५ किलोमीटर तांब्याची तार गुंडाळली आणि यंत्र सुरू केलं की घरातले फ्यूज उडायचे. ही हकिगत ते स्वतः रंगवून सांगतात. त्याच यंत्रामुळे हायड्रोजन बाँबवाले भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड टेलर यांची नजर त्यांच्यावर पडली आणि हार्वर्डला शिकायला शिष्यवृत्ती मिळाली. पण स्ट्रिंग थेट तपासायच्या तर आज जगातलं सर्वात ताकदवान यंत्र, सर्नचा कण एकमेकांवर आदळवणारा २७ किलोमीटरचा कोलायडर, त्याच्या दशलक्ष अब्ज पटीने ऊर्जा लागेल. ती कुणाकडेच नाही. म्हणजे प्रयोग झालेला नाही, होऊ शकत नाही, आणि ज्या कणावर झाला म्हणतात तो कणही नाही.

एवढ्यावरही समाधान नसेल तर खुद्द काकूंना विचारावं. विचारलंय. ‘इनोव्हेशन अँड टेक टुडे’ या मासिकाच्या मुलाखतीत हा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले की लोकांपुढे वावरण्याचा हा एक तोटा आहे, कधी कधी तुमच्या तोंडी भलतंच घातलं जातं. आणि आपलं मत सांगितलं : देवाचं अस्तित्व सिद्धही करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. विज्ञान चालतं ते तपासता येण्याजोग्या, पुन्हा करून बघता येण्याजोग्या गोष्टींवर, आणि हा प्रश्न त्यात बसत नाही. ज्याच्या नावाने पुरावा फिरतोय तोच सांगतोय की पुरावा असूच शकत नाही. वादी, साक्षीदार, सगळे इथेच संपतात. मी आत्याला हेच आधी पाठवायला हवं होतं, बाकीचं तिने वाचलंच नसतं.

तरी एक अर्धं खरं पदरात टाकतो. काकू ‘देवाचं मन’ हे शब्द सढळ हाताने वापरतात. अकरा मितींतून घुमणारं स्ट्रिंगचं संगीत म्हणजे देवाचं मन, असं ते कैक ठिकाणी बोलले आहेत. २०२१ च्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच देवाचं समीकरण आहे. त्यांचा देव आइन्स्टाइनच्या जातीचा. १९२९ मध्ये एका रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, तारेने विचारलं तेव्हा आइन्स्टाइन यांनी उत्तर दिलं होतं की विश्वाच्या सुसंगतीत प्रकट होणारा तत्त्वज्ञ स्पिनोझाचा देव मी मानतो, माणसांच्या नशिबाची आणि कर्मांची उठाठेव करणारा नव्हे. या देवाला नवस चालत नाही, अभिषेक पोचत नाही. पण पुस्तक खपवताना ‘देव’ शब्द मुखपृष्ठावर घ्यायचा आणि मग लोकांनी तो शब्दशः घेतला की खांदे उडवायचे, यात काकू अगदीच निरागस आहेत असं मी म्हणणार नाही.

ऋषींना हे आधीच ठाऊक होतं, या मुद्द्यावर मी वेळ घालवत नाही. कुठल्या ग्रंथात, कुठल्या श्लोकात ते लिहा, मग बोलू. आत्याच्या पांडुरंगाला न्यूयॉर्कचं सर्टिफिकेट लागत नाही, हे तर तीही मान्य करते.

‘सगळी भाकितं खरी ठरली.’ १९९७ मध्ये ‘कॅसिनी’ यान शनीकडे निघालं तेव्हा त्यात सुमारे ३३ किलो प्लुटोनियमचं इंधन होतं. अपघात झाला तर अनर्थ होईल म्हणून त्या उड्डाणाला विरोध करणाऱ्यांत काकू पुढे होते. यान सुखरूप गेलं, १९९९ मध्ये वेग घ्यायला पृथ्वीजवळून सुखरूप निघून गेलं, तेरा वर्षं शनीभोवती फिरलं आणि २०१७ मध्ये ठरल्याप्रमाणे शनीतच विलीन झालं. धोका दाखवणं वेगळं, तो दाखवणं कदाचित योग्यही, पण ‘सगळी खरी’ म्हणू नका. आणि गंमत अशी की २००८ च्या पुस्तकात काकूंनी अशक्य गोष्टींच्या तीन पायऱ्या केल्यात. अदृश्य होणं पहिल्या पायरीवर, म्हणजे पुढेमागे जमू शकेल. कालप्रवास दुसऱ्या. तिसऱ्या पायरीवर, भौतिकशास्त्राच्या ज्ञात नियमांना धरून न जमणाऱ्या गोष्टींत, दोनच आहेत : कायम फिरत राहणारं यंत्र आणि भविष्य आधी कळणं.

राहिलं पेंडंट. इतका वेळ चिडचिड होती, इथे संताप आहे, कारण ते आत्याने मागवलं. अडीच हजार रुपये. रुपयाएवढी काळपट धातूची चकती, वर ‘श्री’ आणि अणूचं चित्र, दोन्ही एकावर एक. जाहिरातीत लिहिलंय की चकतीत टॅकिऑन ‘साठवलेले’ आहेत आणि ते छातीशी ठेवले की रक्तदाब, साखर आणि गुडघे आटोक्यात येतात, ‘हळूहळू गोळ्यांची गरज उरत नाही’. टॅकिऑन ही गोष्ट असलीच तर ती थांबू शकत नाही, हे वर सांगितलं. जे थांबूच शकत नाही ते चकतीत कसं साठवलं? आत्याने गोळ्या बंद केल्या नव्हत्या, नशीब. ‘एक दिवसाआड’ केल्या होत्या. डॉक्टरांना न विचारता, आणि का, तर एका माणसाने न केलेल्या प्रयोगात न सापडलेल्या कणामुळे.

हे नुसतं खोटं नाही, बेकायदा आहे. ‘औषधे आणि चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा’ १९५४ चा आहे. ताईत, मंत्र, कवच यांनी आजार बरा होतो अशी जाहिरात करायला त्यात बंदी आहे, आणि आजारांच्या यादीत मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. ताईताला पेंडंट म्हटलं आणि मंत्राच्या जागी टॅकिऑन घातला म्हणून सुटका होत नाही. तुमच्याकडे कुणी मागवलं असेल तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि पैसे भरल्याची पावती जपून ठेवा, तक्रार करताना दोन्ही लागतात.

विकणाऱ्यालाही हे सगळं पक्कं ठाऊक आहे. चकतीच्या डबीत घडी घालून ठेवलेली एक चिठ्ठी निघाली. आत्याला चष्म्यातून वाचता आली नाही, मी फोटो मागवून मोठा करून वाचली. मुंगीएवढ्या अक्षरांत छापलंय : ‘हे उत्पादन केवळ शोभेसाठी. औषधोपचार चालू ठेवावेत.’