महाविष्णू ऑर्केस्ट्रात फर्माईश चालत नाही

‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ हे नाव मराठी घरात मोठ्यानं उच्चारलं की ऐकणाऱ्यांचे दोन पक्ष पडतात. ‘महाविष्णू’ एवढंच कानावर पडलेल्यांना वाटतं, आता सहस्रनाम लागणार. ते पाय पोटाशी घेऊन नीट बसतात. ‘ऑर्केस्ट्रा’ ऐकलेल्यांच्या डोळ्यांसमोर गणपतीतला सातवा दिवस येतो: चकचकीत कोट, निवेदकाचे पाचकळ विनोद आणि मागून ‘वन्स मोअर’. मग आल्बम सुरू होतो. गिटारचे पहिले आघात बसतात आणि दोन्ही पक्ष एकमतानं दार लावून घेतात. आतल्या बाजूला उरतो तो एकटा रसिक. त्याची अवस्था फारशी वेगळी नसते, फक्त आवडत असल्याचा चेहरा करायची जबाबदारी त्याच्यावर असते.

‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ या जॅझ-रॉक (जॅझ आणि रॉक यांची सरमिसळ) वाद्यवृंदाचा ‘द इनर माउंटिंग फ्लेम’ हा तो आल्बम. साल १९७१, रेकॉर्डिंग न्यूयॉर्कमध्ये, वादक पाच आणि पाचांचे जन्म पाच देशांतले. गिटारवर इंग्लंडचा जॉन मॅक्लॉफ्लिन, ड्रमवर पनामात जन्मलेला बिली कोबहॅम, कीबोर्डवर प्रागचा यान हॅमर, व्हायोलिनवर अमेरिकेचा जेरी गुडमन आणि बासवर आयर्लंडचा रिक लेर्ड. ‘महाविष्णू’ हे नाव मॅक्लॉफ्लिनला त्याचे गुरू श्री चिन्मय यांनी दिलं. त्यापलीकडे या ४६ मिनिटांत आरतीला उपयोगी पडेल असं काही नाही.

जॅझ-रॉक शिकायचं म्हणून काही जण थेट जॅझचा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस याच्या ‘बिचेस ब्रू’ला हात घालतात. तो दुहेरी आल्बम आहे आणि त्यातली शीर्षकरचनाच २७ मिनिटांची आहे. पोहायला शिकण्यासाठी कोणी भर पावसाळ्यात कोयनेत उतरत नाही. त्या आल्बममध्ये एका रचनेचं नावच ‘जॉन मॅक्लॉफ्लिन’ आहे, तेव्हा हा गडी कोण ते आधी इथे पाहून घ्यावं आणि मग तिकडे जावं.

पहिला घोळ होतो फोनमुळे. फोनचा स्पीकर शर्टाच्या बटणाएवढा. बास गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्झवर (सेकंदाला ४१ कंपनं) बोलते. त्या बटणातून तो स्वर निघणं शक्य नाही, त्याची वरची सावली तेवढी ऐकू येते. म्हणजे पाचातला एक वादक घराबाहेरच राहतो, आणि तोही नेमका ज्याच्या आधारावर बाकीचे चौघे उंडारतात तो. उरलेला ऐवज कुणी भांड्यांचं कपाट जिन्यावरून ढकलल्यासारखा वाटला, तर कानांचा दोष नाही. महागडी यंत्रणा लागत नाही. साधे, पण कानांवर नीट बसणारे हेडफोन पुरतात.

दुसरा घोळ आवाजाच्या बटणाचा. चौथी रचना ‘अ लोटस ऑन आयरिश स्ट्रीम्स’. हिच्यात ड्रम नाही, बास नाही. साधी गिटार, पियानो आणि व्हायोलिन, तेही ठेक्याला न बांधलेले. सासूबाईंसमोर लावता येईल अशी या आल्बममधली ही एकमेव रचना. ती इतकी हळुवार आहे की हात आपोआप आवाज वाढवतो. तबकडीवर इथे पहिली बाजू संपायची. उठा, तबकडी उलटा, सुईवरची धूळ फुंका, एवढ्यात मन ताळ्यावर यायचं. फोनवर ती सोय गेली. ‘लोटस’ विरते न विरते तोच, वाढवलेल्या आवाजात, ‘व्हायटल ट्रान्सफॉर्मेशन’चे कोबहॅमचे ड्रम अंगावर येतात. शेजारी बेल वाजवतात ती याच क्षणी. म्हणून आवाज पहिल्या रचनेतल्या सगळ्यात दणदणीत जागेवर लावून घ्यावा आणि नंतर बटणाला हात लावू नये. ‘लोटस’ बारीक वाटली तर कान तिकडे न्यावेत, बोट नको.

तिसरी तक्रार नेहमीची: ‘‘स्पीकर फाटलाय का?’’ फाटलेला नाही. हॅमरचा विजेवर चालणारा फेंडर ऱ्होड्स पियानो ‘रिंग मॉड्युलेटर’ नावाच्या डबीतून जातो. ही डबी दोन स्वरांचा गुणाकार करते आणि मूळ स्वर लपवून त्यांची बेरीज आणि वजाबाकी बाहेर पाठवते. ४४० हर्ट्झचा स्वर द्या, डबीत १०० ठेवा. बाहेर येतील ५४० आणि ३४०. दोन्ही कुठल्याच पट्टीत बसत नाहीत, म्हणून घंटेवर कुणी पाणी ओतल्यासारखा तो नाद. एवढा हिशेब कळला की स्पीकर दुरुस्तीला जायचा वाचतो. याच हॅमरनं पुढे ‘मायामी व्हाइस’ या मालिकेचं शीर्षकसंगीत केलं आणि १९८५ साली ते अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. घरच्यांना हे सांगून पाहावं, थोडा मान मिळतो.

आता खरी पीडा. आपल्याकडे संगीत ऐकायचं म्हणजे सम, आवर्तनाची पहिली मात्रा, सापडली पाहिजे. सम सापडली की मान हलते, मान हलली की ‘क्या बात है’ निघतं, आणि ते निघाल्याशिवाय ऐकल्यासारखं वाटत नाही. इथे पहिल्या रचनेत सहाचा हिशेब, ‘डॉन’मध्ये सातचा, ‘व्हायटल’मध्ये नऊचा. ‘डॉन’ संथ आहे, सात मात्रा बोटांवर बसतात. म्हणून आपल्या सात मात्रांच्या रूपक तालाचा ठेका लावायला जाल तर फसाल. रूपकची सम कालावर (टाळी न देता हात मोकळा सोडायच्या मात्रेवर) येते, या मंडळींना काल माहीतच नाही. तीन-दोन-दोनचे खंड ते पाळतीलच असंही नाही. बोल विसरा, आकडे मोजा. नऊला वेग इतका की बोटं पेरापेरांवरून घसरतात, आणि समोर बसलेल्याला वाटतं हा महिन्याचा दूधहिशेब करतोय.

सगळ्यात मजेची गोम ‘द डान्स ऑफ माया’त आहे. सुरुवातीला गिटार दहाच्या चक्रात फिरते. मध्येच सगळे झोकदार ब्लूजवर येतात, आणि ते चक्र विसाचं असतं. तीन-तीनची सहा पावलं आणि शेवटी दोनचं एक तोकडं. पाय सातव्या पावलालाही तीनच धरून बसलेला असतो, म्हणून दर फेरीला ठेच लागते. जुन्या वाड्याच्या जिन्याची शेवटची पायरी कमी उंचीची असावी तसं. तिथे पडणारा श्रोता दोष गिटारवाल्याला देतो. नंतर दहाची गिटार परत येते आणि विसाच्या ब्लूजवर स्वार होते. मोजत नसाल तर हा निव्वळ दंगा. मोजत असाल तर हिशेब सरळ आहे: दहाची दोन आवर्तनं, विसाचं एक, आणि सगळे एका ठोक्यावर हजर. दहा मात्रांच्या झपतालाची सवय असलेल्या माणसाला ही भेट आधीच दिसायला हवी. दिसत नाही, कारण तो गिटारकडे बघत असतो.

माझं म्हणणं एवढंच की गिटारकडे बघू नये, ड्रमकडे तर मुळीच नाही. कोबहॅम सम दाखवण्यापेक्षा ती कुठे कुठे झाकता येईल याच्या शोधात असतो. गिटार, व्हायोलिन आणि कीबोर्ड एकाच सुरावटीत सुसाट पळतात आणि मग एकमेकांना सवाल-जवाब करतात. त्यांच्या मागे पळून दमच लागतो. धरायचं ते रिक लेर्डला. हा माणूस खाली आपल्या चार स्वरांचं खातं सांभाळत असतो आणि फेरी कुठे सुरू झाली हे विचारलं तर त्याच्याकडेच उत्तर असतं. आल्बमचं कौतुक करणारे त्याचं नाव शेवटी घेतात, बरेचदा ‘आणि तो बासवाला’ असं. त्यानं पुढे वादन सोडलं आणि कॅमेरा हाती घेतला. २०२१ मध्ये तो गेला.

म्हणून पहिल्या दिवशी क्रम बदलावा. आधी ‘लोटस’, मग ‘यू नो यू नो’, मग ‘डॉन’. ‘मीटिंग ऑफ द स्पिरिट्स’ दुसऱ्या दिवशी. ‘माया’ आठवड्यानं, रिकाम्या पोटी नको. ‘अवेकनिंग’ साडेतीन मिनिटांची आहे, पण तिचा वेग पाहता रात्री झोपताना लावू नये. आणि एवढा गोंगाट मुळातच सोसत नसेल, तर मॅक्लॉफ्लिनची पुढची ‘शक्ती’ ऐकावी: विजेशिवायची गिटार, शंकरचं व्हायोलिन, विक्कू विनायकरामचा घटम आणि आपल्या मुंबईच्या झाकीर हुसेनचा तबला. तिथे मात्रा काही कमी नाहीत, फक्त भांडी पडत नाहीत.

‘यू नो यू नो’ला मात्र बसून वेळ द्या. गिटारचं एक छोटंसं वाक्य, पाचेक मिनिटं जवळपास तेच, घाई न करता. मध्ये मोकळी जागा, आणि त्या जागेत कोबहॅम अचानक सगळं घर डोक्यावर घेतो. इंग्लंडच्या ‘मॅसिव्ह अटॅक’नं १९९१ साली हाच तुकडा उचलून आपल्या गाण्याखाली अंथरला, कारण त्यावर काहीही उभं राहतं. पहिल्या फेरीत फक्त बास ऐका, बाकी कोण काय करतंय तिकडे लक्ष देऊ नका. ड्रमसाठी दुसरी फेरी आहेच. तोवर कुकर उतरवून घ्या. त्याची शिट्टी मात्रेत धरली की सगळा हिशेब पुन्हा एकपासून.