काकवीचा वास येणारी बिअर आज काढून टाकली

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे.

संध्याकाळी शेजारच्या आजोबांबरोबर नेहमीच्या पबमध्ये गेले. आजोबा ८६ वर्षांचे. सगळं आयुष्य इथे इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टरच्या गालिच्यांच्या कारखान्यात गेलेलं. काउंटरवर बघतो तर हॉब्सन्स या बिअर कारखान्याच्या माइल्डच्या, म्हणजे काळसर, कमी कडू बिअरच्या, हातपंपावरची पाटी गायब! शेजारी नवीन नळ, आंब्याच्या चवीची गढूळ आयपीए (इंडिया पेल एल नावाची बिअर), साडेसहा टक्के. काउंटरमागचा मुलगा म्हणाला, "खपत नाही." आजोबा काही बोलले नाहीत. अर्धा पिंट लागर बिअर घेतली, दोन घोट प्यायले, बाकीची तशीच ठेवून काठी उचलली.

तेव्हापासून मला काही सुचत नाहीये.

२०१९ च्या मे महिन्यात आबा, म्हणजे माझे वडील, कोल्हापूरहून माझ्याकडे आले होते. आबा माळकरी, दारूच्या थेंबाला शिवत नाहीत. उभी हयात ऊस आणि गुऱ्हाळ. तरी आजोबांनी आग्रह केला म्हणून पबमध्ये आले, चहा घेऊन बसले. आजोबांच्या पुढ्यात माइल्डचा ग्लास, तांबूस काळा, वर बोटभर फेस. आबांनी लांबूनच नाक पुढे केलं, मग ग्लास हातात घेऊन हुंगला आणि म्हणाले, "अगं, ह्येला तर काकवीचा वास येतोय! चुलवाणावरची काकवी." मी आजोबांना इंग्रजीत सांगितलं. ते इतके खूश झाले की पुढचा दीड तास दोघं बोलत बसले. एकाला मराठीशिवाय येत नाही, दुसऱ्याला इंग्रजीशिवाय. मी मध्ये बसून आधी भाषांतर करत होते, नंतर सोडून दिलं. त्यांना माझी गरजच नव्हती.

आबांचं नाक उगाच चाललं नव्हतं. माइल्डमध्ये हॉप्स (बिअरला कडू चव देणारी फुलं) कमी, म्हणून कडूपणा कमी. भाजलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) रंग आणि चव पुढे येते. कितीतरी ब्रूअर त्यात काळसर, पाकासारखी इन्व्हर्ट साखर घालतात, आणि ती पूर्वापार उसाच्या साखरेपासूनच करत आले आहेत. म्हणजे ऊस होताच की त्या ग्लासात!

लोकांना वाटतं माइल्ड म्हणजे पाणचट. मुळात या शब्दाचा अर्थ होता ताजी, मुरवत न ठेवलेली बिअर. एकोणिसाव्या शतकात ती चांगली तगडी असायची. पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई आली, कर वाढले आणि तिचा जोर उतरला. तरीही दुसऱ्या महायुद्धानंतर कितीतरी वर्षं इंग्लंडच्या पबमध्ये हीच सगळ्यात जास्त प्यायली जायची. खाणीतून, भट्टीवरून घामाघूम होऊन आलेल्या माणसाला नशा नको असते, तहान भागायला हवी असते. आपल्याकडे रानातून आलेल्या माणसाच्या हातात ताकाचा तांब्या देतात ना, तसं.

पुढे काही लबाड पबवाले ग्लासांतली उरलीसुरली बिअर माइल्डच्या पिंपात ओतायला लागले, कारण काळ्या रंगात काही दिसत नाही. पाप त्यांचं, बदनाम झाली ती.

आणि ही आयपीए! साहेबलोकांसाठी जहाजात भरून हिंदुस्थानात पाठवायची बिअर, आमच्या देशाचं नाव लावून आता गल्लोगल्ली, त्यात वर आंबा. आंब्याची चव कशी असते ते मला नका सांगू.

हॉब्सन्स ही क्लिबरी मॉर्टिमर नावाच्या श्रॉपशायरमधल्या लहानशा गावातली ब्रूअरी. एका कुटुंबाने १९९३ मध्ये सुरू केली. २००७ साली यांच्या माइल्डने 'चॅम्पियन बिअर ऑफ ब्रिटन' किताब पटकावला, सगळ्या देशातून पहिली. किती टक्क्यांची? फक्त ३.२! अशी बिअर हाकेच्या अंतरावर बनते आणि आम्ही तिला हाकलून देतो. तेही मे महिन्यात, जेव्हा कामरा ही पारंपरिक बिअर जपणारी संघटना सगळ्यांना माइल्ड प्या म्हणून सांगत असते. शिवाय ३.५ टक्क्यांच्या आतल्या बिअरवर २०२३ पासून कर कमी आहे, म्हणजे ती पाजायला महागही नाही.

बरं, मान्य. पिंप एकदा उघडलं की बिअर तीनेक दिवसांत संपवावी लागते, नाहीतर आंबते. पिणारे म्हातारे होत चाललेत हेही मान्य. आणि तो काउंटरवरचा मुलगा वाईट नाही, आजोबांना दार त्यानेच उघडून दिलं. त्याच्यावर मी चिडायला नको होतं.

आबा परत गेले, त्यानंतरच्या दिवाळीत मी कोल्हापूरहून काकवीची बाटली आणली होती आजोबांसाठी. त्यांनी ती पबमध्ये नेली, माइल्डच्या ग्लासाशेजारी ठेवली, आधी ही हुंगली, मग ती. डोळे मिटून. अजून त्यांच्या खिडकीत ती रिकामी बाटली आहे. आज घरी सोडायला गेले तर दिसली. त्यांनी एवढंच विचारलं, "वडील कसे आहेत?"

मी उद्या मालकाशी बोलणार आहे. नऊ गॅलनचं पिंप (फर्किन) संपत नसेल तर साडेचार गॅलनचं लहान पिंप, ज्याला पिन म्हणतात, ते घ्या म्हणावं. छत्तीस पिंट. तीन दिवसांत छत्तीस, म्हणजे रोजचे बारा. बर्मिंगहॅम, वूस्टर, वुल्व्हरहॅम्प्टन, सगळीकडे आपली माणसं आहेत. पीत नसाल तर आबांसारखा चहा घेऊन बसा, पण या. त्याने पिन आणायचं कबूल केलं की वार कळवते. कोण कोण येणार ते खाली लिहा, म्हणजे मला उद्या आकडा सांगता येईल.