आमच्या पटाच्या बैलांना पाचवा पाय कोणी लावला?

पोळ्याच्या रात्री आईने बाबांच्या पटाचा व्हिडिओ लावायला सांगितला. 2010 च्या जानेवारीत शेजारच्या गावच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, आमची जोडी धावली होती, बाबा स्वतः जोडी हाकणारे धुरकरी होते आणि मामाने ती धाव हँडीकॅमवर टिपली होती. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, आणि 2021 च्या डिसेंबरात परवानगी मिळून पट पुन्हा भरू लागले तेव्हा बाबाही उरले नव्हते आणि ती जोडीही. हे काही सेकंदांचे चित्रण तेवढे आमच्याजवळ आहे. त्याला कोणी हात लावला की माझे डोके फिरते, आणि त्या रात्री हात लावला तो माझ्याच संगणकातल्या ग्राफिक्स कार्डाने.

जोडी सुटली आणि पांढऱ्या बैलाच्या पुढच्या पायांमागून आणखी एक पाय उगवला. गुडघ्याखाली पुसट, विरघळल्यासारखा. लगेच तो नाहीसा झाला. छकड्याच्या चाकाचे आरे आधी थबकले, मग उलटे फिरू लागले. बाबांच्या दुपट्ट्याच्या कडेने मागच्या गर्दीचा एक पट्टा चिकटून त्यांच्याबरोबर पुढे सरकत होता. आई म्हणाली, “हे बैल असे काऊन दिसून राहिले रे? पाण्यातून धावल्यावानी.” तिला काय उत्तर द्यायचे?

झाले होते असे, की कार्डाच्या सॉफ्टवेअरने आदल्या आठवड्यात स्वतःला अपडेट करून घेतले होते आणि त्यातले मोशन स्मूदिंग मला न विचारता सुरू झाले होते. ही सोय दोन खऱ्या फ्रेम, म्हणजे व्हिडिओतली लागोपाठची दोन स्थिर चित्रे, घेते, त्यांचे लहान लहान तुकडे करून कोणता तुकडा कुठून कुठे सरकला याचा अंदाज बांधते, आणि त्या अंदाजावरून मधली फ्रेम स्वतः रंगवते. संथ दृश्यात तो अंदाज बरा जुळतो. पण भरधाव धावणाऱ्या बैलाचे चार पाय एकसारखे, चाकाचे आरे एकसारखे. यातला कोणता पाय मघाचा कोणता, हे त्या गणिताला कळत नाही. पाय पुढे गेल्यावर मागची जी जमीन उघडी पडते तिचे चित्र आधीच्या फ्रेममध्ये असतच नाही, म्हणून तिथे काहीतरी फासले जाते. कॅमेऱ्यासमोर कधीच न घडलेले क्षण माझ्या बापाच्या आठवणीत घुसडण्याचा अधिकार या कंपनीला कोणी दिला?

या सोयीमागची अडचण खरी आहे, हे मला मान्य आहे. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा आणि आपला पडदा बहुधा सेकंदाला 60 वेळा ताजा होणारा. 24 ने 60 ला पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम दोनदा तर पुढची तीनदा दाखवावी लागते आणि कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळते. त्यावर 120 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 120 वेळा ताजा होणारा, पडदा हा सरळ उपाय आहे, कारण तिथे प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा बसते. आमचे चित्रण 25 फ्रेमचे. मी पडदा 50 हर्ट्झवर नेला, प्रत्येक फ्रेम दोनदा दिसू लागली आणि अडखळणे थांबले. एकही खोटी फ्रेम लागली नाही. हे दोन मिनिटांचे काम सॉफ्टवेअर सुचवत नाही, आणि मोशन स्मूदिंग बंद करायचे बटण मात्र असे दडवून ठेवलेले, की मला छतावर जाऊन, मोबाइलला रेंज धरून, ते कुठे आहे हे शोधावे लागले. खाली येईपर्यंत लाइन गेली होती. आई तोवर झोपली.

सगळ्यात जास्त चीड याची येते, की हवी होती ती सुरळीत गती मूळ कॅसेटमध्ये होतीच. तो हँडीकॅम इंटरलेस पद्धतीने चित्रण करायचा, म्हणजे सेकंदाला 50 अर्ध्या, एकाआड एक ओळींच्या फ्रेम, प्रत्येक वेगळ्या क्षणाची. तालुक्याच्या दुकानदाराने पेनड्राइव्हवर उतरवताना त्यातल्या निम्म्या टाकून दिल्या आणि 25 ठेवल्या. दुकानाने खरे क्षण फेकले, कार्डाने त्या जागी बनावट भरले, आणि याला दोघेही ‘चांगली क्वालिटी’ म्हणतात! कॅसेट अजून बाबांच्या लोखंडी पेटीत, त्यांच्या बैल हाकायच्या तुतारीशेजारी आहे. ती चालवणारा कॅमेरा मी नागपूरपर्यंत शोधणार आहे, आणि उतरवून घेताना त्या माणसाच्या शेजारी बसणार आहे.