सांगलीत जागा घेताय? कागद मागू नका

बेदाण्याला यंदा बरा दर लागला किंवा पोरगं पुण्यात कंपनीत चिकटलं, की सांगलीच्या माणसानं पैसे जागेत घालायचे असतात. इथवर सगळे बरोबर येतात. पुढं नवशिके घोळ घालतात, म्हणजे कागद मागतात. त्यानं समोरच्याचं मन दुखावतं. प्लॉट दाखवणारा एजंट तुमच्या मेव्हण्याच्या साडूच्या वर्गातला, आणि तुम्ही त्याला सातबारा मागणार? डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत मिळतो म्हणा, पण लाखांच्या व्यवहारात असला चिल्लर खर्च शोभत नाही.

हट्टानं काढलाच, तर वरचं नाव वाचून लगेच घडी घाला. खाली ‘इतर हक्क’ नावाचा रकाना असतो, तिकडं नजर जाऊ देऊ नका. तिथं सोसायटीच्या कर्जाचा बोजा असतो, एखादं जुनं कूळ असतं, कधी मालकाच्या बहिणी असतात. ‘दिवाळीला आल्या की हक्कसोड करून देतील,’ असं मालक सांगेल. कुठल्या दिवाळीला, हे विचारू नये. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलाइतका वाटा देणारी दुरुस्ती 2005 ची आहे. एवढ्या वर्षांत ती एकाही दाजीच्या कानावर गेली नसेल, असं धरून चाला आणि इसार देऊन टाका. रोख. पावतीचं नंतर बघू.

जागा एन.ए., म्हणजे बिगरशेती, नाही म्हणून कुणी भीती घालेल. सांगलीत तरी त्यानं घाबरू नये, इथं वसाहतीच्या वसाहती गुंठेवारीत उभ्या राहिल्यात. शेताचे गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडायला 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा आला, तर लोकांनी दहा-दहा जणांची सामाईक नावं लावली, नाहीतर नोटरीवर भागवलं. सरकार पुढं नियमित करतंच. 2001 ला कायदा आला, 2021 ला दुरुस्ती होऊन 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात धरली. या हिशेबानं तुमचा नंबर 2041 च्या आसपास लागावा. तोवर बँक कर्ज देणार नाही, पण मग हप्ताही नाही. ही बाजू कुणी बघतच नाही.

आता नदी. जागा बघायला मे महिन्यातच जावं. कर्नाळ रोडला जा नाहीतर शामरावनगरात, भर उन्हात तिथं पाण्याचा संशय घेणंसुद्धा पाप वाटतं. शेजारच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीला मातकट रेघ दिसली, तर रंगाऱ्याची हौस समजा. पाटबंधारे खात्याच्या नकाशात निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. कृष्णामाईला हा नकाशा कुणी दाखवलेला दिसत नाही, कारण 2005, 2019 आणि 2021 असे सोळा वर्षांत तीन महापूर तिनं आणले. 2019 ला आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट असताना पाणी 57 फुटांवर गेलं. एजंट मात्र छातीवर हात ठेवून सांगेल, ‘आपल्या प्लॉटात पाणी आलं नव्हतं.’ खोटं नाही ते. प्लॉटात आलं नव्हतं, प्लॉटावरून गेलं होतं.

ज्यांना मातीत पाय घालायचा नाही त्यांनी विश्रामबागेत फ्लॅट घ्यावा. महारेराचा, म्हणजे प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा, नंबर विचारू नका, बिल्डर ओळखीचा आहे. तीस लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं की हप्ता बसतो साधारण 26 हजार. भाडं आलं समजा 9 हजार. वरचे 17 हजार दर महिन्याला पगारातून घालायचे आणि पाहुण्यांत सांगायचं, फ्लॅट बसून कमावतोय.

भाडेकरू निवडताना फक्त आडनाव आणि गाव विचारा. आमच्याकडचा निघाला की चावी द्यायची. करार अकरा महिन्यांचा, शंभराच्या जुन्या स्टॅम्पवर, आणि नोंदणी नाही. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हे प्रत्येक कट्ट्यावर ठामपणे सांगणारा एकजण असतोच. महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात मुदत कितीही असो नोंदणी सक्तीची आहे, ती जबाबदारी मालकाची आहे आणि चुकवल्यास 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड आहे, पण तो कायदा काही कट्ट्यावर बसायला येत नाही. भाडेकरूला पहिल्या दिवसापासून भाऊ म्हणा. नळ गळतोय म्हणून भाऊंचा फोन आला की उचलू नका. घरपट्टी वजा जाता भाड्याच्या उत्पन्नावर 30 टक्के वजावट सरसकट मिळते, प्लंबर बोलवा नाहीतर नका बोलवू.

मग एक दिवस भाऊ भाडं थांबवतील आणि जागाही सोडणार नाहीत. नोंदवलेला करार असता, तर मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट भाडं मागता आलं असतं. तो नसल्यामुळे अटी काय ठरल्या होत्या, याबाबत भाऊंचं म्हणणं खरं धरून सुरुवात होईल आणि ते खोटं पाडायचं काम तुमच्याकडं. भाऊ सांगतील, भाडं तीन हजार ठरलं होतं, डिपॉझिट दोन लाख दिलंय. कोर्टात एवढं सांभाळा, तोंडातून ‘भाऊ’ जाऊ देऊ नका. त्यांचा वकील तिथंच विचारेल, भावाकडून भाडं कसलं घेता?