नुसत्या डिग्रीवर भागत नाही

खेळाचा कोच कसं व्हायचं यावरच्या तुमच्या लेखात बीपीएड (शारीरिक शिक्षणाची डिग्री), पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोचिंग डिप्लोमा वगैरे कोर्सची माहिती छान दिलीय, पण प्रत्यक्ष हाताने काय काय यायला हवं यावर एक पॅरा तरी हवा होता. मी शाळेच्या मुलींना कबड्डी शिकवतो. बीपीएड करून आलो तेव्हा मैदानाची मापं तोंडपाठ, पुरुषांचं १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८, आणि पहिल्याच स्पर्धेत एका पोरीचा घोटा मुरगळला तर घोट्याला आधाराची चिकटपट्टी, म्हणजे टेप, कुठून गुंडाळायला सुरू करायचा तेच सुचेना. समोरच्या टीमच्या कोच ताई धावत आल्या, पाय काटकोनात धरायला लावला, आतून टाचेखालून बाहेर वर असे पट्टे ओढले, मग बोटाचं नख दाबून रक्त परत येतंय का ते बघितलं आणि आज हिला परत उतरवायचं नाही म्हणून बजावलं. तिथं शिकलो मी.

सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबून द्यायचा प्रथमोपचार, तर प्लीज सरावाच्या पुतळ्यावर करूनच शिका, छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान ५ सेंमी खोल दाबायची, दोन मिनिटांत दंड भरून येतात, वाचून ते कळतच नाही. आणि सुट्टीत जवळच्या क्लबवर सरांच्या हाताखाली उभे राहा, बारक्या पोरांचा गट मागून घ्या.