फिर्यादी घरातलाच असतो तेव्हा

अठराव्या शतकातील आयर्लंडमध्ये कॅथलिकांच्या जमिनींवर जे कायदे लादले गेले, ते कागदावर कठोर असले तरी व्यवहारात बरेच सौम्य होते, असे मत अनेकदा वाचायला मिळते. मला ते मुळीच पटत नाही. किती एकर जमीन प्रत्यक्ष हिरावली गेली, एवढ्यावरच हिशेब मिटवला तर या कायद्यांची खरी करणी नजरेआड होते. त्यांनी जमिनीचा वाद सरकार आणि प्रजा यांच्यात ठेवलाच नाही, तो बाप आणि मुलगा, भाऊ आणि भाऊ यांच्यात नेऊन ठेवला.

प्रॉटेस्टंट राजा विल्यम आणि पदच्युत कॅथलिक राजा जेम्स यांच्यातील आयर्लंडमधले युद्ध संपवणाऱ्या 1691 च्या लिमरिकच्या तहात, शरण आलेल्या कॅथलिक जमीनदारांपैकी अनेकांच्या मालमत्तेला अभय दिले गेले होते. त्यानंतर पुरती तेरा वर्षेही झाली नव्हती, तोच डब्लिनच्या, केवळ प्रॉटेस्टंटांच्या संसदेने 1704 चा कायदा केला. कॅथलिकाला जमीन विकत घेता येणार नाही. पट्ट्याने घ्यायची तर एकतीस वर्षांहून अधिक मुदतीने घेता येणार नाही, आणि खंडही जमिनीच्या वार्षिक मूल्याच्या दोन तृतीयांशाहून कमी असून चालणार नाही. कॅथलिक बाप वारला की जमीन सर्व मुलांत सारखी वाटली जाईल, म्हणजे दोन-तीन पिढ्यांत मोठ्या वतनाचे तुकडे होतील. थोरला मुलगा मात्र ठरलेल्या मुदतीत प्रस्थापित प्रॉटेस्टंट चर्चमध्ये गेला, तर सगळे त्याचे. याच कायद्यातले एक कलम मला सर्वांत निर्दय वाटते. बापाच्या हयातीतच थोरल्याने धर्म बदलला, तर बाप आपल्याच जमिनीचा केवळ हयातीपुरता उपभोक्ता उरे, त्याला ती विकता येत नसे की गहाण टाकता येत नसे. लिमरिकच्या तहाच्या वाटाघाटींत भाग घेतलेले वकील सर टोबी बटलर यांनी संसदेपुढे उभे राहून या विधेयकाला विरोध केला, आणि पोटचे पोर बापावर उठेल हा मुद्दा पोटतिडकीने मांडला. त्याचा उपयोग झाला नाही.

1709 मध्ये आणखी एक पेच आवळला गेला. कॅथलिकाने कायदा चुकवून जमीन घेतली किंवा दुसऱ्याच्या नावावर ठेवली आहे, हे उघडकीस आणणाऱ्या कोणत्याही प्रॉटेस्टंटाला चॅन्सरी न्यायालयात दावा लावून ती जमीन स्वतःकडे घेता येऊ लागली. सरकारला वेगळे हेर पोसण्याची गरजच उरली नाही.

रॉसकॉमन परगण्यातील बेलनगारचे चार्ल्स ओ'कॉनर हे प्राचीन आयरिश इतिहासाचे मोठे अभ्यासक आणि कॅथलिकांच्या हक्कांसाठी झटणारे लेखक होते. उतारवयात त्यांच्यावर असाच दावा लागला, आणि तो लावणारा त्यांचा सख्खा धाकटा भाऊ ह्यू होता. ह्यूने धर्म बदलला होता, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने वडिलोपार्जित जमिनीवरचा त्याचा दावा योग्यच ठरत होता. शेवटी पदरचे पैसे मोजून ओ'कॉनरांना तडजोड करावी लागली. भाऊबंदकी कुठे नसते? पण भावाने भावाला लुबाडावे यासाठी कायद्यानेच दार उघडून ठेवावे, ही गोष्ट निराळी आहे.

सौम्यतेचा पुरावा म्हणून सलोख्याच्या दाव्यांकडे बोट दाखवले जाते. एखादा प्रॉटेस्टंट स्नेही किंवा धर्म बदललेला नातेवाईक आधीच दावा लावून जमीन आपल्या नावावर करून घेई, म्हणजे त्रयस्थाला हात घालता येत नसे, आणि मूळ मालक पूर्वीसारखाच तिथे राहत असे. असे पुष्कळ घडले, आणि ज्यांनी हा विश्वास निभावला त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण आपल्या घराची मालकी दुसऱ्याच्या शब्दावर टांगून, तो मेला किंवा त्याचे मन फिरले तर काय या धास्तीत पिढी काढणे, याला सौम्य म्हणायचे? 1688 मध्ये कॅथलिकांकडे सुमारे 22 टक्के जमीन होती, 1703 मध्ये ती 14 टक्क्यांवर आली आणि 1770 च्या दशकात अवघी 5 टक्के उरली, असा अंदाज सांगितला जातो. धर्म बदललेल्या घराण्यांच्या जमिनी आणि भाडेपट्टे या आकड्यात येत नाहीत हा आक्षेप रास्त आहे. मात्र ती घराणी बदलली कशामुळे, हाही प्रश्न मग विचारायला हवा.

1778 आणि 1782 च्या कायद्यांनी पट्टा, वारसा आणि खरेदी यांवरचे बहुतेक निर्बंध उठले, तरी पाश पूर्ण सुटले नव्हते. कॉर्कचे कॅथलिक बिशप जॉन बटलर यांना डनबॉइनची सरदारकी वारशाने मिळाली. कॅथलिक बिशपला लग्न करता येत नाही, आणि घराण्याला तर वारस हवा, म्हणून 1787 मध्ये ते प्रॉटेस्टंट झाले आणि त्यांनी लग्न केले. 1800 मध्ये, मृत्यूपूर्वी ते पुन्हा कॅथलिक झाले आणि मीथमधील जमीन त्यांनी मेनूथच्या कॅथलिक महाविद्यालयाला लिहून दिली. त्यांच्या बहिणीने मृत्युपत्राला आव्हान दिले, कारण प्रॉटेस्टंट होऊन पुन्हा कॅथलिक झालेल्याला जमिनीचे मृत्युपत्र करण्याचा अधिकारच नव्हता. सगळा खटला मग एकाच प्रश्नावर आला: मरताना त्यांचा धर्म कोणता होता? 1802 मध्ये ट्रिमच्या न्यायालयात, त्यांच्या अखेरच्या दिवसांत त्यांना भेटलेले फादर विल्यम गाहान यांना हे विचारले गेले. धर्मगुरू म्हणून कानावर आलेले सांगण्यास त्यांनी नकार दिला, तेव्हा न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांची रवानगी तुरुंगात झाली. ते लवकरच सुटले, आणि जमिनीचा वाद पुढे महाविद्यालय आणि बहीण यांच्यातील वाटणीने मिटला.